हर्षल म्हणजे युरेनसच ना? मग तो इतका मिळमिळीत का दिसतो?

घाटाखालची
नमस्कार मंडळी. माझ्या मुलाचं नाव हर्षल, वय वर्षं नऊ. बारशाला आत्याबाईंनी कानात सांगितलं ते नाव, ग्रहबिह कुणाच्या डोक्यातही नव्हते. गेल्या महिन्यात आजोबांच्या पंचांगात 'हर्षल वक्री' असं त्याला सापडलं आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शाळेच्या पुस्तकात हर्षल नाहीच, युरेनस आहे. हिंदीच्या बाई म्हणाल्या अरुण. एकाच ग्रहाची ही तीन नावं कशी?

आणि खरी अडचण पुढेच आहे. शनिवारी गावच्या शाळेच्या पटांगणावर आकाशदर्शन होतं. शनीची कडी यंदा (२०२५) रेघेएवढीच, तरी पोरं ओरडली. मग आमच्या चिरंजीवांचा ग्रह लावला. दुर्बिणीत फिकट हिरवट टिकली! तो माझ्याकडे वळून म्हणाला, "एवढंच?" घरी येऊन नेटवर फोटो पाहिले, तर तेही सरबत न घातलेल्या बर्फाच्या गोळ्यासारखे. यावर खरंच काही आहे का, की पोराची समजूत काढून विषय बदलू?

आठ_इंची_आरसा
ताई, विषय बदलू नका. मी साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होतो, आता रिटायर. दुर्बिणीचा आठ इंची आरसा स्वतः घासलाय, पाच महिने बायकोच्या शिव्या खात. त्याच आरशातून हा ग्रह बघतो, आणि पहिल्यांदा दिसला तेव्हा मीपण "एवढंच?" म्हटलं होतं.

नावाचं आधी. १३ मार्च १७८१ ला इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेल नावाच्या माणसाला घराच्या मागच्या बागेतून हा दिसला. पेशाने संगीतकार, चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, आरसे घासायचा नाद. त्याला वाटलं धूमकेतू आहे. चार दिवसांनी पुन्हा बघितला तर जागचा हललेला. स्वारीने राजाच्या नावावरून 'जॉर्जचा तारा' असं नाव सुचवलं, ते इंग्लंडबाहेर कुणी मनावर घेतलं नाही. फ्रान्समधले काही जण शोधणाऱ्याचंच नाव घेत, बोडे या जर्मन खगोलज्ञाने युरेनस सुचवलं, आणि शेवटी तेच टिकलं. आपल्या पंचांगवाल्यांनी मात्र हर्शेलचा हर्षल करून घेतला. म्हणजे पोराला सांगा, तुझं नाव ग्रहावरून नाही आणि ग्रहाचंही तुझ्यावरून नाही, दोन्ही वाटा योगायोगाने एका ठिकाणी आल्या.

आता मिळमिळीतपणा. तुम्ही बघितलेले ते गुळगुळीत फोटो बहुतेक नासाच्या व्हॉयेजर २ यानाचे असणार. ते यान २४ जानेवारी १९८६ ला ढगांच्या माथ्यापासून सुमारे ८१,५०० किलोमीटरवरून गेलं. त्यानंतर आजतागायत तिथे कुणीही गेलेलं नाही. एकदा, तेही काही तासांत, बघून आपण मुलगी नापसंत केली, असा हा प्रकार आहे.

आणि बघितली कधी, तर अगदी चुकीच्या वेळी. हा ग्रह आडवा पडलेला आहे. अक्ष जवळजवळ ९८ अंशांनी कललेला. बाकीचे ग्रह भोवऱ्यासारखे फिरतात, हा बैलगाडीच्या चाकासारखा. सूर्याभोवती एक फेरी ८४ वर्षांची, त्यामुळे ध्रुवावर साधारण ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं काळोख. १९८६ साली दक्षिण ध्रुव सूर्यासमोर होता. यानाला दिसला तो तेवढाच अर्धा गोल, त्यावरही धुरकट पडदा पसरलेला. ऊनही किती, तर आपल्या उन्हाच्या सुमारे ३७० वा भाग. २००७ मध्ये सूर्य त्याच्या विषुववृत्तावर आला, त्या सुमारास मोठ्या दुर्बिणींना ढग दिसायला लागले. २०१४ च्या वादळांच्या वेळी तर हौशी लोकांनाही पांढरे डाग सापडले. २०२३ ला जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने काढलेल्या फोटोत उजळ ध्रुवटोपी आणि कडी दोन्ही आहेत. ते फोटो दाखवा पोराला.

थंडीचं सांगतो, कारण तो माझा धंदा. वातावरणाच्या एका थरात तापमान उणे २२४ अंश सेल्सियसपर्यंत उतरतं. आमच्या पीटी-१०० सेन्सरचा तक्ता उणे २०० ला संपतो! गंमत अशी की नेपच्यून कितीतरी लांब, त्याला ऊन याच्या निम्म्याहून कमी, तरी वरचे ढग साधारण तेवढेच गार. कारण नेपच्यून सूर्याकडून जेवढी ऊर्जा घेतो त्याच्या अडीच पटीहून जास्त बाहेर टाकतो, म्हणजे आतून गरम आहे. हर्षल मात्र व्हॉयेजरच्या मोजणीत जेवढ्यास तेवढा निघाला. २०२५ मध्ये जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून हिशेब मांडला तेव्हा साधारण १२ ते १५ टक्के जास्त आलं. आहे ऊब, पण थोडी. एक तर्क असा की आतल्या थरांनी ती कोंडून ठेवलीय. गुऱ्हाळावर काहिली उतरवली की वर साय धरते, बोट लावलं तर कोमट आणि आत चटका, तसं काहीसं.

रंग मिथेनमुळे. तो तांबडा उजेड गिळतो, उरतो तो निळा-हिरवा. आणि हे खास नऊ वर्षांच्या माणसासाठी: २०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीने त्याच्या ढगांच्या माथ्यावर हायड्रोजन सल्फाइड पकडला. सडक्या अंड्यांचा वास! आमच्याकडे सांडपाण्याच्या खड्ड्याशी ड्यूटी केलेल्याला हा वास समजावून सांगायला लागत नाही.

रात्रपाळी
लेख झकास, काका. एक भर. १९८६ ची भेट आणखी एका कारणाने अवेळी ठरली. २०२४ मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली तेव्हा असं दिसलं की यान पोहोचायच्या थोडं आधी सौरवाऱ्याच्या, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या, झोताने ग्रहाचं चुंबकीय कवच दाबलं होतं. म्हणजे त्याबद्दल आपण जे 'नेहमीचं' धरून चाललो होतो ते तेव्हापुरतं असू शकतं. तसंही ते कवच विचित्रच, चुंबकीय अक्ष फिरण्याच्या अक्षापासून ५९ अंश कललेला आणि केंद्रातून जातही नाही.

जत्रेतला_पाळणा
आमच्या पत्रिकेत हर्षल अष्टमात आहे. त्यावर काही?

आठ_इंची_आरसा
@जत्रेतला_पाळणा: त्याला स्वतःलाच उभं राहता येत नाही, तुमचं काय वाकडं करणार?

@रात्रपाळी: बरोबर. माझ्या लिहिण्यातून निसटलं.

सदाशिव_ते_बंगळूर
कड्यांचा विषय निघालाय म्हणून लिहितो. ती १० मार्च १९७७ ला सापडली, फोटो काढून नव्हे. हर्षल एका ताऱ्यासमोरून जाणार होता. जेम्स इलियट आणि सहकारी विमानात बसवलेली दुर्बीण घेऊन हिंदी महासागरावर उडत होते. तारा ग्रहाआड जायच्या आधीच चार-पाच वेळा मिचकला, आणि बाहेर आल्यावर तसाच, उलट क्रमाने, म्हणजे दोन्ही बाजूंना कडी आड येत होती. त्याच रात्री तामिळनाडूत जवादी टेकड्यांतल्या कावलूर वेधशाळेच्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनीही मिचकणं टिपलं होतं. त्यांना तो आधी नवा उपग्रह वाटला. मी कावलूर पाहिलंय. चंदनाची झाडं, माकडं, आणि मोबाइलला रेंज नाही. आता कडी १३ मोजतात.

घाटाखालची
सगळ्यांचे मनापासून आभार. सडकी अंडी सुपरहिट! कालपासून भेटेल त्याला सांगत सुटलाय. आता त्याचं म्हणणं, स्वतः शोधायचा. आमच्याकडे भावाची १० × ५० द्विनेत्री आहे. दिसेल का? की तुमच्यासारखा आरसा लागेल?

आठ_इंची_आरसा
आरसा नको. तेजाची प्रत (आकडा जितका मोठा तितका मंद) ५.६ च्या आसपास, द्विनेत्रीतून आरामात दिसतो. या दिवसांत (नोव्हेंबर २०२५) आठनंतर पूर्वेकडे कृत्तिका पकडा. तिथून दक्षिणेकडे चार-पाच अंश खाली या, साधारण द्विनेत्रीच्या एका खिडकीएवढं अंतर. तिथे तशाच मंद दोन ताऱ्यांशेजारी तो सापडेल. कुठला तारा आणि कुठला ग्रह हे मात्र एका रात्रीत कळणार नाही. वहीत ठिपके काढा, तारीख घाला, आठ-दहा दिवसांनी पुन्हा काढा. जो सरकला तो हर्षल. फ्लॅमस्टीड नावाच्या इंग्लंडच्या खगोलज्ञाने १६९० साली हाच ग्रह वृषभेतच बघून '३४ टॉरी' म्हणून ताऱ्यांच्या यादीत टाकला होता! तेव्हापासून चार फेऱ्या मारून स्वारी पुन्हा जवळपास त्याच भागात आलीय.

घाटाखालची
पहिल्या दिवशी ढग, दुसऱ्या दिवशी शेजारच्या लग्नाचे दिवे. काल रात्री गच्चीवर पाठीवर झोपून जमलं. वहीत तीन ठिपके काढलेत, त्यातल्या एकावर 'मी?' असं लिहिलंय. पुढच्या शनिवारी परत बघणार आहोत. गच्चीवर उशी न्यायची परवानगी मागितलीय, आणि सासूबाई म्हणतात दव पडतं, कानटोपी घाला.