वारसा पुरस्कार बंद करा म्हणणाऱ्यांना

कुर्लादगड:
काल 'खोली नंबर २३' यांनी इथे लिहिलं की युनेस्कोचे वारसा पुरस्कार (जुन्या वास्तूंच्या जतनाच्या कामाला मिळतात ते) म्हणजे पैसेवाल्यांनी दगड धुऊन घ्यायचे आणि फोटो काढायचे. मुंबईत चाळी पडताहेत, तेव्हा हे पुरस्कार बंद करा. वाचून डोकं तापलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी बावीस वर्षं याच कामात आहे, साइटवर. लागलो तेव्हा प्रत्येक जुन्या इमारतीला एकच औषध होतं, सिमेंट. दगडी भिंतीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरायच्या, वर ऑइलपेंट मारायचा, बिल काढायचं. भिंतीतली ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही, मग ती दगडातून वाट काढते आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मालाडचा पिवळसर दगड बोटाने घासला तर पिठासारखा हातात यायचा, हे मी स्वतः अनुभवलंय. चुन्यात करू म्हटलं की कंत्राटदार हसायचे. चुना भिजवा, मळा, गूळ-बेलफळाचं पाणी घाला, आठवडेच्या आठवडे थांबा, एवढा वेळ कुणाला आहे?

२००५ साली भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या कामाला या पुरस्कारांतला सर्वोच्च मान मिळाला. ती महापालिकेची इमारत आहे. त्यानंतर मला साहेबांसमोर चुन्याचं नाव काढता आलं. 'तिकडे केलंय, पुरस्कार मिळालाय' एवढं म्हटलं की फाइल पुढे सरकायची. पुरस्काराचा उपयोग हा आहे.

आणि धुतलेले दगड कशाला म्हणता? भायखळा स्टेशनची इमारत १८५७ ची, पुरस्कार २०२२ चा. तिथून रोज लोकल पकडणारी माणसं नाहीत का? डेव्हिड ससून लायब्ररीला २०२३ साली मिळाला. मधल्या काळात घातलेला काँक्रीटचा स्लॅब काढून तिथे पुन्हा उतरतं छप्पर बसवलं. वरच्या गॅलरीत आरामखुर्च्यांवर आजही लोक पेपर वाचत पडलेले असतात. जाऊन बघा आणि मग बोला.

खोली नंबर २३:
बघितलंय सगळं. तुमची यादी तुम्हीच परत वाचा. संग्रहालय, स्टेशन, लायब्ररी. त्यात २०१७ चं ऑपेरा हाउस आणि २०१९ चा फ्लोरा फाउंटन घाला. यातली एक तरी इमारत सांगा जिथे सकाळी कुकरची शिटी होते.

आमच्या चाळीचा जिना सागवानी होता. मधल्या पायऱ्या झिजून द्रोणासारख्या झालेल्या. कठड्याच्या लोखंडी नक्षीत माझा पाय अडकला होता, तर आईने साबण लावून सोडवला. २००९ च्या पावसात गॅलरीचा एक तुकडा खाली गेला. मग टेकू आले, नोटीस आली, आणि 'दोन वर्षांत परत याल' असं सांगून आम्हाला ट्रान्झिट कॅम्पात टाकलं. आई तिथेच गेली. शेवटी शेवटी विचारायची, जिना आहे का रे अजून?

वॉटसन हॉटेल आठवतं का? काळा घोड्याची ती ओतीव लोखंडाची एस्प्लनेड मॅन्शन, जिथे १८९६ साली ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले. २००५ ला तिचा भाग कोसळून माणूस गेला. २००६ ला जगातल्या धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत नाव आलं. २०१९ ला कोर्टाच्या आदेशाने सगळे भाडेकरू बाहेर. कौतुकाने काय वाचलं तिथे?

घरमालकाची नात:
मी सहसा लिहीत नाही, पण 'नोटीस आली, आम्हाला टाकलं' असं म्हणताना चाळ दुरुस्त कुणाच्या पैशांनी व्हायची होती तेही सांगा. माझ्या आजोबांची गिरगावात १८ गाळ्यांची इमारत. भाडी १९४० च्या पातळीला गोठलेली. २००० पासून वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. ७५ रुपयांचे ४ टक्के म्हणजे ३ रुपये. सगळ्या गाळ्यांचं मिळून महिन्याला १,४०० येतात, आणि एका पावसाळ्यात छपरावर ताडपत्री घातली तिचे ३२,००० गेले. वडिलांनी ते पीएफमधून काढले. सागवानी जिना सगळ्यांना आवडतो, वाळवीचं औषध मारायचं बिल कुणालाच नको असतं.

खोली नंबर २३:
ताई, ७५ रुपये सगळ्यांना दिसतात, खोली घेताना मालकाला एकरकमी दिलेल्या पागडीचं नाव कुणी काढत नाही! माझ्या आजोबांनी खोली घेताना आजीच्या पाटल्या विकल्या. ते पैसे मालकाने घेतले ना? खोली हस्तांतरित करताना तिसरा हिस्सा कोण घेतं? आम्ही दुरुस्तीचा उपकर भरत आलो तो कशाचा? आम्हाला फुकटे म्हणू नका, सांगून ठेवतो.

घरमालकाची नात:
फुकटे हा शब्द तुमचा, मी वापरलेला नाही. पागडी एकदाच मिळाली, तीही पणजोबांच्या काळात. उपकर माझ्या वडिलांच्या खिशात आला नाही, दुरुस्ती मंडळाकडे गेला. मंडळ झालं तेव्हा त्यांच्याकडे १९ हजारांहून जास्त इमारती होत्या. रांगेत आम्हीही उभे होतो. आणि वडिलांना तुमच्यासारख्यांनी 'मालक' म्हणून तोंडावर जे ऐकवलंय, ते मी लहानपणी दाराआडून ऐकलंय. मालक म्हणे! त्यांच्याकडे स्वतःची स्कूटरसुद्धा नव्हती.

सदाशिवपेठी:
मुंबईचं मुंबईत मिटवा, पण पुण्याकडेही बघा कुणीतरी. विश्रामबागवाड्यासारखं एखादं नाव वाचतं, बाकी पेठांतले वाडे उतरवले जातात. आमच्या शेजारचा वाडा पाडला तेव्हा तुळया आणि खांब टेम्पोत भरून गेले. दोन वर्षांनी त्यातलाच एक नक्षीचा खांब मला एका हॉटेलात पाणीपुरीच्या काउंटरला लावलेला दिसला. ओळखला, कारण त्याच्यावर आमच्या पतंगाच्या मांज्याच्या खाचा होत्या. त्याला तिथे 'जतन' म्हणतात. मला तिथे घास उतरला नाही.

चुनामिस्त्री:
वीस वर्षं चुना मळतो. पुरस्कार मिळाला की पाटी लागते. पाटीवर संस्थेचं, आर्किटेक्टचं, पैसे देणाऱ्याचं नाव असतं. गिलावा कुणी केला ते कुठेच नसतं. माझ्या मुलाने यामुळेच हे काम धरलं नाही, टाइल्स लावतो. मी एवढंच म्हणतो, पुरस्कार ठेवा, पण पाटीवर चार नावं वाढवा.

कुर्लादगड:
चर्चा पागडीवर गेली, आणि आता वाटतं ती तिकडेच जायला हवी होती. भाडं आणि दुरुस्तीचा खर्च यांचा मेळ बसत नसेल तर नुसता चुना काय करणार? मिस्त्रींचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या पाच साइटवर पाटी लागली आणि तेव्हा मला हे सुचलं नाही, याची लाज वाटते.

पण राहत्या वस्तीला हा पुरस्कार मिळतच नाही हे चूक आहे. २०२१ चा सर्वोच्च पुरस्कार दिल्लीच्या निजामुद्दीन बस्तीला मिळाला, आणि तिथे माणसं राहतात. हुमायूनच्या मकबऱ्याशेजारची दाट वस्ती आहे ती. थडगी, बावडी (पायऱ्यांची विहीर) यांच्याबरोबर शाळा, दवाखाना, संडास असं सगळं काम झालं.

खोली नंबर २३:
तिथे आगाखान ट्रस्टने पंधराएक वर्षं काम केलं. आमच्या गल्लीत कोण येणार?

कुर्लादगड:
आज कुणी येणार नाही, हे मान्य करावं लागतं. नाइलाजाने करतोय. मी दिलेल्या यादीत राहती चाळ नाही, हेही खरं. पुरस्काराचा नियम असा की काम झाल्यावर इमारत किमान वर्षभर वापरात असली पाहिजे. मला वर्ष फार थोडं वाटतं. दहा वर्षांनी परीक्षकांनी पुन्हा जिना चढावा आणि आधीची किती कुटुंबं तिथेच आहेत ते मोजावं. पुरस्कार बंद करायला माझा विरोध कायम आहे. पण हा बदल मागणारं पत्र लिहिणार असाल तर माझी सही घ्या.

आणि तुमची इमारत अजून उभी आहे का? टेकूंवर असेल तरी चालेल. मला तुळयांची टोकं बघायची आहेत. भिंतीत शिरतात तिथेच सडतात, मधला भाग बऱ्याचदा खणखणीत असतो. टोकं कापून जोड देता येतो. मी दिलाय.

खोली नंबर २३:
उभी आहे. पुढची गॅलरी गेली, जिना आहे. 'बघतो' म्हणणारे खूप आले, त्यामुळे आशा लावत नाही.

घरमालकाची नात:
मीही आले तर चालेल का? आमच्या तुळयांबद्दल विचारायचं आहे.

खोली नंबर २३:
या. जिन्याला कुलूप असतं, किल्ली शेजारच्या पिठाच्या गिरणीत मिळते. रविवारी अकरानंतर या, त्याआधी गिरणी उघडत नाही. बॅटरी आणा, मधल्या मजल्यावर अंधार आहे, आणि सातव्या पायरीवर पाय देऊ नका.