मदत हवी आहे: ई-बस डेपोच्या ऑपरेटरशी रोजगाराचा करार कसा बांधावा?

डेपोशेजारी: पूर्व उपनगरातल्या एका डेपोत भाडेतत्त्वावरच्या ई-बस येणार आहेत. बस, ड्रायव्हर, देखभाल सगळं खासगी ऑपरेटरचं, पैसे किलोमीटरमागे. डिझेल गाड्यांवरचे जुने कंत्राटी मेकॅनिक आणि वॉशिंगवाले घरी बसतील अशी चिन्हं आहेत. इच्छुक ऑपरेटर रहिवासी संघाला म्हणतोय, "स्थानिकांना प्राधान्य देऊ, तसं पत्र देतो." अमेरिकेत कंपनी आणि वस्ती यांच्यात 'कम्युनिटी बेनिफिट्स अ‍ॅग्रीमेंट' होतं, तसं इथे टिकेल का? निविदा अजून निघायची आहे. काही जण '८० टक्के भूमिपुत्र' हीच अट लावून धरतायत.

कलमदान: निविदा निघायची आहे ना, मग आधी तिकडे पळा. वर्क ऑर्डर हातात पडली की ऑपरेटर चहा पाजेल, सही देणार नाही. प्री-बिड बैठकीआधी (बोली भरण्यापूर्वी इच्छुकांच्या शंका ऐकायची बैठक) डेपोच्या मालक संस्थेला अटी लेखी द्या. ऑपरेटरचं बिल तीच अडवू शकते, तुम्ही नाही.

पत्राचा उपयोग शून्य. करार कायदा १८७२ नुसार मोबदला नसलेला करार सहसा रद्दबातल ठरतो. म्हणून तुमच्या बाजूनेही काही लिहा: जागा निघाली की १० दिवसांत छाननी केलेल्या उमेदवारांची यादी देऊ, प्रशिक्षणाला हॉल देऊ. संघ नोंदणीकृत हवा, नाहीतर सही कोणाच्या वतीने? ५०० च्या मुद्रांकावर करा आणि लवाद मुंबईतच ठेवा.

भूमिपुत्रांचा आकडा निविदेत घालू नका. हरियाणाचा ७५ टक्क्यांचा कायदा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला, इथेही कोणीतरी कोर्टात जाईल आणि बाकीच्या अटीही लटकतील. निविदेत एवढंच मागा की डेपोतल्या सध्याच्या कामगारांना आधी घ्यावं. खासगी करारात टाका की प्रत्येक जागा पहिले १० दिवस फक्त तुमच्या यादीसाठी आणि जवळच्या आयटीआयसाठी खुली राहील.

अमेरिकेतली दोन उदाहरणं बस कारखान्यांचीच आहेत. बीवायडीने २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लँकेस्टरला नव्या भरतीतला ४० टक्के वाटा वंचित गटांना कबूल केला. न्यू फ्लायरच्या २०२२ च्या करारात, अलाबामातल्या अ‍ॅनिस्टनच्या कारखान्यासह, अशाच गटांना भरतीत ४५ आणि बढतीत २० टक्के वाटा आहे. बढतीचा आकडा आपल्याकडे कोणी मागतच नाही, मग घेतलेला माणूस वॉशिंग रॅम्पवरच निवृत्त होतो.

पानापक्कड: जुने मेकॅनिक बाद होतील, ही भीती अर्धीच खरी. ब्रेक, सस्पेन्शन, एअर लाइन, दरवाजे, टायर, एसी ही कामं ई-बसमध्येही आहेतच. बदलतो तो हाय व्होल्टेज भाग. त्यासाठी प्रशिक्षण ऑपरेटरच्या खर्चाने आणि प्रशिक्षणाच्या दिवसांचा पगार चालू, हे दोन्ही लिहून घ्या.

हातमोजेही कलमात घाला. १००० व्होल्टचे क्लास ० रबरी मोजे, वर चामड्याचे, प्रत्येक तंत्रज्ञाला त्याच्या मापाचा जोड. वापरण्याआधी रबरी मोज्यात हवा भरून, कफ दुमडून दाबायचा. सुईएवढं भोक असलं तरी बाद. डेपोला मिळून एक जोड दिला की ही तपासणी कोणीच करत नाही. सर्व्हिस डिस्कनेक्ट (हाय व्होल्टेज बॅटरी तोडणारा प्लग) काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. बसच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेला वेळ थांबून मीटरवर शून्य बघायचं. गाडी मार्गावर काढायच्या घाईत नेमकं हेच सुटतं.

आणखी एक. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. ऑपरेटर तेच 'स्थानिक रोजगार' म्हणून दाखवतो. अ‍ॅप्रेंटिस मोजणीत धरायचे नाहीत, असं स्पष्ट लिहा.

डेपोशेजारी: आभार. पण सही केल्यावर पाळतायत का, हे कळणार कसं?

कलमदान: दर महिन्याला पीएफच्या ईसीआरची, म्हणजे मालक भरतो त्या मासिक ऑनलाइन विवरणपत्राची, प्रत मागा. त्यात यूएएनवार (प्रत्येकाच्या पीएफ क्रमांकानुसार) नावं आणि वेतन असतं, हजेरीपटाशी ताडून बघा. वैयक्तिक माहिती असते म्हणून ती करारावर देखरेख करणाऱ्या समितीपुरतीच राहील असं कलम घाला, नाहीतर ऑपरेटर तेच कारण पुढे करेल. पगार २१,००० पर्यंत असलेल्यांचं ईएसआयसीचं (कामगार विमा) चलनही बघा. नाव हजेरीत आहे पण ईसीआरमध्ये नाही, तर तो माणूस बहुधा मॅनपॉवर एजन्सीच्या नावावर गेलाय. त्यासाठी करार 'उपकंत्राटदार आणि नंतर येणारा ऑपरेटर' यांनाही लागू हवा. यातला दुसरा भाग निविदेतच घ्यावा लागेल, कारण नव्या ऑपरेटरची तुमच्या कागदावर सही नसते. ऑपरेटर मध्येच काम सोडतो तेव्हा सगळ्यात आधी माणसंच रस्त्यावर येतात.