शब्दचर्चा (ऑनलाइन धागा, टोपणनावांनी) : ‘टवाळखोर’ नेमकं कोणाला म्हणायचं?

गोदाकाठ : आपल्या नाशिकच्या बातम्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘पोलिसांनी टवाळखोरांवर कारवाईचा बडगा उगारला.’ कधी कॉलेज रोड, कधी गंगापूर रोड, कधी सिडकोतला एखादा चौक. जागा बदलते, वाक्य तेच. फोटोत रांगेनं उभी केलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, एकदोघांच्या पाठीवर अजून सॅक. टवाळ म्हणजे उनाड, चेष्टेखोर, टिंगल करणारा, एवढंच मला माहीत आहे. मग टवाळखोरी हा गुन्हा आहे, स्वभाव आहे, की नुसतं वय? आणि पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये हा शब्द आरोपीच्या जागी कसा जाऊन बसला?

शाईपेन : ‘टवाळा आवडे विनोद’ हे समर्थांचं. समर्थांनी बारा वर्षं तप केलं असं सांगतात ते आपल्याच टाकळीला, तेव्हा शब्दावर नाशिकचा थोडा हक्क पोचतो! तिथला टवाळ हा नुसता थिल्लर माणूस आहे. त्याला चार शब्द सुनवायचे, दंडुका नाही.

खरी मेख ‘खोर’मध्ये आहे. हा प्रत्यय फारसी, मूळ अर्थ खाणारा. लाचखोर, व्याजखोर यांत तो अजून दिसतो. भांडखोर, चहाडखोरपर्यंत येईस्तोवर खाणं मागे पडलं आणि सवय उरली. एकदा भांडला म्हणून कोणी भांडखोर होत नाही, वरचेवर भांडावं लागतं. त्या हिशेबानं टवाळखोर म्हणायला त्या पोराची खोड माहीत हवी. चौकात गाडीची किल्ली काढून घेतल्यावर पाच मिनिटांत कोणाची खोड कोणाला कळते?

कोर्टाची पायरी : कायद्याचं सांगतो. अशा कारवाया बहुतेक महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ११० किंवा ११२ खाली होतात, शिक्षा ११७ प्रमाणे, म्हणजे दंड. ११० मध्ये सार्वजनिक जागी असभ्य वागणं येतं. ११२ मध्ये शांतता भंग व्हावी या हेतूनं केलेलं गैरवर्तन. टवाळखोर हा शब्द यात कुठेही नाही. कलमात हेतू आहे, तो बातमीपर्यंत पोचताना गळतो.

कलम १२२ तर वाचण्यासारखं आहे. सूर्यास्त ते सूर्योदय रस्त्यावर रेंगाळणाऱ्याला स्वतःबद्दल समाधानकारक खुलासा करता आला नाही तर तो गुन्हा, पण कधी? तो चोर म्हणून आधीच प्रसिद्ध असेल तर. म्हणजे ‘इथं का उभा आहेस’ या प्रश्नाचं उत्तर देता येईना म्हणून कोणालाही या कलमात ओढता येत नाही. प्रत्यक्षात रात्री साडेदहाला टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येक पोराला तोच प्रश्न विचारला जातो आणि उत्तर पटलं नाही तर पुढचं सुरू होतं.

दुसरा मजला, सिडको : तुमचं सगळं पटतं हो दादा, पण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. आमच्याकडे रात्रीत उभ्या गाड्यांच्या काचा फुटल्यात. माझी मुलगी क्लासहून नऊला येते, कोपऱ्यावर तिघं बाइकवर बसलेले असतात. एक जण रोज तिच्या मागे घरापर्यंत येतो, बोलत काही नाही. मी तक्रार द्यायला गेले तर मला काय ऐकवलं? ‘टवाळखोर पोरं आहेत हो, समज देतो.’ तेव्हा मला विचाराल तर हा शब्द फार सौम्य आहे. स्वातंत्र्य माझ्या मुलीलाही आहे ना?

गोदाकाठ : ताई, तुमच्या लिहिण्यानं माझा प्रश्नच उलटा झाला, आणि बरं झालं. मी इतका वेळ म्हणत होतो की निरपराध पोराला हा शब्द जड पडतो. तुम्ही दाखवलंत की खऱ्या गुन्हेगाराला तोच शब्द पांघरूण घालतो. मुलीच्या मागे रोज घरापर्यंत जाणं ही टवाळी नाही, तो पाठलाग आहे.

कोर्टाची पायरी : भारतीय न्याय संहिता, कलम ७८. ताई, पुढच्या वेळी तक्रारीत ‘छेड’, ‘त्रास’ असलं मोघम लिहू नका. ‘पाठलाग’ लिहा, तारखा आणि वेळा घाला. मग ‘समज देतो’ म्हणून वाटेला लावता येत नाही.

शाईपेन : ‘समज देऊन सोडलं’ हा वाक्प्रचारही बघा. समज देणारा कोण, काय दिली, कशी दिली, काही कळत नाही. कधी नुसता उपदेश, कधी उठाबशा, कधी मोबाइल उघडायला लावणं. नोंद नाही म्हणून तक्रारही नाही. ‘ताब्यात घेतलं’ त्याचंच भावंड. अटक म्हटली की राज्यघटनेचं कलम २२ आड येतं : कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्या. ‘ताब्यात’ म्हटलं की घड्याळ जणू सुरूच होत नाही.

कोर्टाची पायरी : व्यवहारात तसं होतं खरं, पण कायदा शब्दाला भुलत नाही. माणसाला निघून जायची मुभा नसेल तर तुम्ही त्याला ‘चहाला बोलावलं’ म्हणा, कोर्ट त्याला अटकच धरू शकतं.

रामकुंडावरचा : सगळे पोलिसांवर घसरलात. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांच्या धरपकडीत ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा घुमली तेव्हा अख्खं शहर खूश होतं. नुसती पोरंटोरं नव्हती त्यात, पकडलेले राजकारणातले भाईही कॅमेऱ्यापुढे तेच म्हणताना दिसले. आधी त्यांची नावं घ्यायला लोक घाबरायचे. ते विसरू नका.

गोदाकाठ : विसरलो नाही. मलाही तेव्हा हायसं वाटलं होतं, बड्या लोकांच्या पोरांना हात लागतोय म्हणून. शब्द मात्र मजेशीर निवडला गेला. बालेकिल्ल्यातला ‘बाले’ म्हणजे फारसी ‘बाला’, वरचा. राजगडावर चढून गेलेल्यांना ठाऊक आहे : सगळ्या माच्या खाली, त्यांच्यावर उभा कडा, आणि त्या कड्यावर बालेकिल्ला. कायदा असा वर जाऊन बसला तर माचीवर राहणाऱ्यांचं काय? कायदा आपल्यात, चौकात, टपरीवर नको का? आणि दोषी ठरायच्या आधी माणसाकडून कॅमेऱ्यापुढे काही वदवून घेणं, मग ती घोषणा का असेना, मला खटकतं. आज भाई आहे म्हणून टाळ्या पडल्या. हीच रीत उद्या सॅकवाल्या पोरावर आली तर ‘नको’ कोणत्या तोंडानं म्हणणार?

कोर्टाची पायरी : सॅकवाला अठराच्या आतला असेल तर कायदा अगदी स्पष्ट आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम ७४ : ओळख उघड करायची नाही. कलम १० : पोलीस कोठडीत ठेवायचं नाही. आणि या धाग्याच्या कामाचं कलम ३ : मुलाच्या बाबतीत दोषारोप करणारे, कलंक लावणारे शब्द वापरायचे नाहीत, हे तत्त्व म्हणून लिहून ठेवलंय. शब्द कोणता वापरावा हे सांगणारी कलमं फार नाहीत आपल्याकडे.

शाईपेन : याच विचारातला शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’, म्हणजे कायद्याशी संघर्षात आलेलं मूल. उच्चारायला अवघड, पण विचार करून घडवलेला शब्द आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसा हा ‘संघर्षग्रस्त’ : मुलावर काहीतरी ओढवलंय असं सुचवणारा. वर्तमानपत्रांनी त्याचं ‘विधिसंघर्षित’ केलं आणि ‘ग्रस्त’मधली कणव गेली.

वेशीबाहेर : कोणी ‘सराईत’ आणि ‘तडीपार’वर बोललं नाही म्हणून लिहिते. माझे आजोबा ज्या जमातीतले, तिला इंग्रजांच्या १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. हजेरी, तारेचं कुंपण. देश १९४७ ला सुटला, आमची माणसं सुटली ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून ‘विमुक्त’. पाच वर्षं लोकशाही होती आणि आमच्या पोरांना मात्र गावाबाहेर जायला परवानगी लागायची. आजही वस्तीतलं पोर रात्री उशिरा बाहेर दिसलं की कॉलेज रोडच्या पोरासारखी नुसती ‘समज’ मिळत नाही. तेव्हा पोलीस तरुणांवर कडक आहेत म्हणताना कोणत्या तरुणांवर, तेही विचारा.

गोदाकाठ : हे आधी कोणीतरी लिहायला हवं होतं.

शाईपेन : तडीपारमधली ‘तडी’ म्हणजे काठ, कड. काम तडीस नेणं म्हणजे काठाला लावणं, पुरं करणं. माणसाला तडीपार करणं म्हणजे काठापलीकडे ढकलणं. एकाच तडीचे दोन उपयोग. सरकारी शब्द मात्र हद्दपार.

कोर्टाची पायरी : पोलीस अधिनियमाचीच कलमं ५५ ते ५७, मुदत कलम ५८ प्रमाणे जास्तीत जास्त दोन वर्षं. दोष सिद्ध व्हायलाच हवा असं कलम ५६ म्हणत नाही. घाबरून उघड साक्ष द्यायला कोणी धजत नाही, या आधारावर ते चालतं, आणि सिडकोच्या ताईंची गल्ली पाहिली तर ती भीती खोटी नाही. पण जालन्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये असा आदेश रद्द करताना बजावलं की हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, राज्यघटनेच्या कलम १९ नं दिलेल्या देशभर फिरण्याच्या हक्कावर तो घाला घालतो, त्यामुळे क्वचितच वापरावा. सणवार, निवडणूक आली की याद्या निघतात, ती ‘क्वचित’ची व्याख्या मला अजून समजलेली नाही.

रामकुंडावरचा : एक विचारू? आम्ही पाच-सहा रिटायर लोक रोज संध्याकाळी जॉगिंग ट्रॅकच्या कठड्यावर बसतो. मोठ्यानं बोलतो, येणाऱ्याजाणाऱ्यावर शेरे मारतो, राजकारणावरून शिव्याही देतो. आम्हाला कोणी टवाळखोर म्हटलेलं नाही.

शाईपेन : तुमचा ‘कट्टा’ असतो, काका. पोरांचं ‘टोळकं’. टोळी तरी बरी, हे ‘कं’ लागलं की तुच्छतेनं हिणवणं आलंच.

गोदाकाठ : अठराव्या वर्षी मत द्यायचा हक्क आपण १९८९ पासून देतोय. सरकार निवडायला जो पोरगा शहाणा, तो कठड्यावर बसायला पुरेसा शहाणा नाही? काका, तुम्ही बसता तेव्हा ‘का बसलात’ असं कोणी विचारत नाही. मला हवंय ते एवढंच, की तेवढं न विचारलं जाणं विशीतल्या पोरालाही मिळावं, वस्तीतल्यालाही मिळावं. आणि बातमीत टवाळखोर लिहायचं बंद करून, केलं काय ते लिहावं. काही केलं नसेल तर बातमी नाही.

दुसरा मजला, सिडको : मला चालेल. पण ‘केलं काय’ ते ठाण्यातही लिहून घेतलं पाहिजे. मी तारखा-वेळांची वही घातलीय. सोमवारी पुन्हा जातेय, दादांनी सांगितला तो शब्द घेऊन. कोणाला सोबत यायचं असेल तर मेसेज करा.