लोखंडाचा गण अणुअंकावरून काढताना चुकतंय कुठे?

अणुरेणू:
कॅल्शियमपर्यंत कवचागणिक इलेक्ट्रॉन मांडून सगळं जमतं: २, ८, ८, २, म्हणजे चौथं आवर्त (आडवी ओळ), दुसरा गण (उभा स्तंभ). लोखंडाला (अणुअंक २६) मात्र याच रीतीने २, ८, ८, ८ येतं आणि ते थेट राजवायूंच्या पंगतीत जाऊन बसतं! २एन² (एन म्हणजे कवचाचा क्रमांक) लावलं तर २, ८, १६. तेही चूकच. आवर्तसारणी समोर नसताना गण काढायची खात्रीची रीत आहे का?

कवचकुंडल:
२एन² ही कवचाची कमाल क्षमता झाली, भरण्याचा क्रम नव्हे. तिसऱ्या कवचात १८ मावतात, पण ८ झाल्यावर ते थांबतं, कारण पोटॅशियम-कॅल्शियममध्ये ४एस उपकवच (चौथ्या कवचाचा एस हा भाग) तिसऱ्या कवचाच्या ३डीपेक्षा कमी ऊर्जेचं असतं. म्हणून १९वा आणि २०वा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात जातात. २१व्यापासून भर पुन्हा तिसऱ्यात पडते: स्कँडियम २, ८, ९, २, लोखंड २, ८, १४, २, जस्त २, ८, १८, २. ३डीच्या १० जागा संपल्या की गॅलियमपासून ४पी. चौथ्या आवर्तात २ + १० + ६ = १८ घरं आहेत ती यामुळेच.

नुसता गण हवा असेल तर संरूपण (इलेक्ट्रॉनांची मांडणी) मांडूच नका, वजाबाकी करा. राजवायूंचे अणुअंक पाठ हवेत: २, १०, १८, ३६, ५४, ८६, ११८. दिलेल्या अणुअंकाहून लहान असा सर्वांत जवळचा आकडा वजा करायचा. आवर्त त्या राजवायूच्या पुढचं. चौथ्या-पाचव्या आवर्तात बाकी हाच गण: २६ − १८ = ८. दुसऱ्या-तिसऱ्यात डी-खंड (डी उपकवच भरणारी मूलद्रव्यं) नाही, म्हणून बाकी ३ किंवा जास्त आली तर १० मिळवा. क्लोरीन: १७ − १० = ७, गण १७.

अणुरेणू:
शिशाला ८२ − ५४ = २८ येतात. २८वा गण कुठून आणू?

कवचकुंडल:
सहाव्या-सातव्या आवर्तात एफ-खंडाची १४ घरं मध्ये घुसतात. बाकी १७ किंवा जास्त असेल तर १४ वजा करा: २८ − १४ = १४, कार्बनचा गण. सोनं: ७९ − ५४ = २५, वजा १४ म्हणजे ११; तांबं-चांदीच्या बरोबर खाली. बाकी ३ ते १६ आली तर मूलद्रव्य खालच्या वेगळ्या पट्टीतलं. छापील सारण्यांत त्या पट्टीत बहुधा १५ घरं दिसतात, कारण यिट्रियमखाली लँथॅनम की ल्युटेशियम हा वाद जुना आहे. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२१च्या प्राथमिक अहवालाने ल्युटेशियमची बाजू घेतली. वरची रीतही तेच धरून चालते.

शून्यगण:
रीत चोख आहे, पण हेलियमला लावू नका. बाह्य कवचात २ इलेक्ट्रॉन असूनही त्याचा गण १८, कारण कवच भरलेलं आहे. क्रोमियम (२, ८, १३, १) आणि तांबं (२, ८, १८, १) संरूपणात दगा देतात, वजाबाकीत नाही.

परीक्षेत हमखास होणारी चूक वेगळीच: लोखंडाचा द्विसंयुजी आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेला अणू) २, ८, १२, २ लिहिणं. शेवटी भरलेला आधी जाईल असं गृहीत धरलं की हे होतं. जातात ते ४एसचे दोन, म्हणून उत्तर २, ८, १४.

आणि आकडेमोड अणुअंकावरच करा, अणुवस्तुमानावर नको. अरगॉनचं ३९.९५, पोटॅशियमचं ३९.१०, वस्तुमानाने रांग लावली तर पोटॅशियम राजवायूंत जातं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ हेन्री मोजलेनं १९१३मध्ये क्ष-किरणांच्या मोजमापांतून अणुअंकाला आधार दिला, तेव्हा हा घोळ मिटला. टेल्युरियम-आयोडीनचंही तसंच.