हम्पी–दिव्या पहिला डाव: बरोबरी कमावली की विजय सोडला?

प्यादेमोड: २६ जुलै २०२५, जॉर्जियातलं बाटुमी. बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीचा पहिला डाव. पांढरी मोहरी आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखकडे, रेटिंग (खेळाची ताकद सांगणारे गुण) २४६३. समोर कोनेरू हम्पी, २५४३. डाव बरोबरीत सुटला आणि जो तो म्हणू लागला, 'हम्पीला रोखलं!' मला हे कौतुक पटत नाही. ओपनिंगनंतर, म्हणजे सुरुवातीच्या चालींनंतर, पारडं दिव्याचं जड होतं आणि ते निसटलं. पटावर काय होतं ते बघा ना, नावापुढचा आकडा कशाला बघता?

वैदर्भीय उंट: इंजिन (चाली तपासणारा संगणक) लावून 'निसटलं' म्हणणं सोपं आहे हो. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता! विजयाला एक गुण, बरोबरीला अर्धा; रेटिंगमधल्या ८० गुणांच्या फरकाला दिव्याकडून अपेक्षा फक्त ०.३९ गुणाची. तिने अर्धा मिळवला. हे कमावणंच आहे.

हत्ती_सातवी_पट्टी: त्या बरोबरीने तिचं रेटिंग वाढलं जेमतेम १.१. बाद फेरीत त्याला कोण विचारतं? दोनच क्लासिकल (लांब वेळेचे) डाव, त्यातला पांढऱ्या मोहऱ्यांचा, पहिल्या चालीचा फायदा देणारा, संपला. प्यादेमोडशी सहमत.

वैदर्भीय उंट: मग पुढचंही सांगा की. दुसरा डावही बरोबरीत, आणि २८ तारखेला बरोबरी फोडणाऱ्या रॅपिडच्या (कमी वेळेच्या) दुसऱ्या डावात काळ्या मोहऱ्यांनी जिंकून पोरगी विश्वचषक घेऊन आली, थेट ग्रँडमास्टर झाली. सामना जिवंत ठेवला म्हणूनच ना?

प्यादेमोड: विजेतेपदाचा मलाही अभिमान आहे, पण त्याने पहिला डाव चांगला ठरत नाही. मी मुलांना शिकवतो, म्हणून हे लावून धरतोय. समोरच्याचं रेटिंग दोनशेनं जास्त असलं की आमची पोरं एक प्यादं वर असतानाही 'ड्रॉ?' विचारतात. समोरचा लगेच हात मिळवतो, त्याला सुटकाच हवी असते. बाहेर पालक खूश, कारण रेटिंग वाढलं. मुलांचा के-फॅक्टर, म्हणजे एका डावाने रेटिंग किती हलतं ते ठरवणारा गुणक, ४०; त्यामुळे अशा बरोबरीचे १०.४ गुण मिळतात. जिंकले असते तर ३०.४ मिळाले असते, हे कुणी मोजत नाही.

वैदर्भीय उंट: आणि हरले असते तर ९.६ गेले असते, तेही मोजा. शिवाय मुलांचा राग दिव्यावर का काढता? उपांत्य फेरीत चीनच्या माजी जगज्जेत्या तान झोंगयीविरुद्ध १०१ चाली खेळून जिंकणारी मुलगी बरोबरीवर समाधान मानते, हे मी तरी मान्य करणार नाही.