अनुभव धागा: अनोळखी पूल पार्लर, एकट्याची प्रॅक्टिस आणि "लावूया काय?"

खाडीपलीकडचा:
काल माळ्यावरून मखराचं सामान काढताना पूल खेळायची जुनी काठी, क्यू, हाताला लागली. पार केळ्यासारखी वाकलीय. आणि कुडाळ आठवलं.

२००९ चा पावसाळा, नवी नोकरी, खोलीवर टीव्हीसुद्धा नाही. बाजारात पहिल्या मजल्यावर एक पार्लर होतं, तिथे तासाचे पैसे आधीच भरून कोपऱ्यातलं टेबल घ्यायचो. पांढरा चेंडू सरळ समोरच्या कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, मारायचा, तो परत येऊन क्यूच्या टोकालाच लागला पाहिजे. अर्धा अर्धा तास तेवढंच. बघणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला जोडीदार नाही.

तिसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. "एकट्यानच काय खेळतास? येवा, एक फ्रेम." म्हणजे एक डाव. टेबलाचे पैसे हरणाऱ्याने द्यायचे ही सगळीकडची रीत, तिला मी जुगार म्हणत नाही. खेळलो. मग चहा-भजीवर. मग "नुसत्यात मजा नाय, पन्नास लावूया काय?"

म्हटलं, "साहेब, माझा अजून हातच बसत नाहीये. तुमच्याबरोबर खेळायला आवडेल, टेबल माझ्याकडे लागलं, पण वर काही नको." मला वाटलं उठून जातील. त्यांनी चॉक उचलला, कापडावर तळवा फिरवला आणि म्हणाले, "ह्या ओला आसा. पावसात चेंडू वीतभर आधी थांबता, जोर वाढव." त्यानंतर महिनाभर फुकट शिकवणी!

तुम्ही कसे निसटलात? की नाही निसटलात?

मालवणी मसाला:
तो माणूस सगळीकडे असता रे. पयल्या दोन फ्रेम मुद्दाम हरतलो, मगे शंभर लावूक सांगतलो. मी आपला एकच सांगी, "बायको पगार मोजून घेता." हसतत नि सोडून देतत. तेव्हा माझा लगीन पण झालेला नव्हता.

परशुराम घाट बंद:
आठशे. चिपळूण. परतीच्या तिकिटाचेपण गेले.
पहिल्या दोन जिंकलो ना, तिथेच गंडलो. जिंकून उठणं बरं दिसत नाही असं वाटलं. शेवटी मार्करने, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या पार्लरच्या माणसाने, एसटीपुरते शंभर हातावर ठेवले. पुढच्या खेपेला परत दिले, आणि तेव्हापासून नव्या ठिकाणी गेलो की आधी मार्करशी बोलतो, "फक्त प्रॅक्टिस करणार आहे, कोणी आलं तर तुम्हीच सांगा." त्याने सांगितलं की कोणाला राग येत नाही.

ओल्या काजूची उसळ:
मार्करचं शंभर टक्के पटलं. कॉलेजात असताना रत्नागिरीत जायचे, अख्ख्या पार्लरमध्ये मुलगी मी एकटी. मला पैसे लावायला कोणी विचारलंच नाही, सगळे शिकवायलाच यायचे. 😑 कोपर असं धर, वाक जरा. कानात इयरफोन घालून ठेवायचे, गाणं नसायचंच. कुकर झाला, येते नंतर

दुपारची झोप:
इतिहास सांगतो, झोप येत नाहीये. पूलचा भाऊबंद स्नूकर १८७५ च्या सुमारास जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला. पिरॅमिड आणि ब्लॅक पूल या पैसे लावून खेळायच्या खेळांची ती सरमिसळ. म्हणजे कुडाळचे गृहस्थच परंपरेला धरून होते, धागाकर्ते बाटलेले.

परशुराम घाट बंद:
@दुपारची झोप माझे आठशे जबलपूरला पाठवा मग

सुपारीची बाग:
आमच्याकडे पूल नाही, कॅरम. पण गोष्ट तीच. गणपतीच्या जागरणात एका बाजूला भजन, मागच्या पडवीत तीनपत्ती. तिथे नाही म्हणणं पार्लरपेक्षा कठीण, कारण बोलावणारा सख्खा मामा. मी आरत्यांना झांज वाजवायची जबाबदारी घेतो. झांजवाल्याला कोणी उठवत नाही. (कॅरमला बोरिक पावडर कमी टाका रे, खोबरं किसल्यासारखी पसरतात लोक.)

ओल्या काजूची उसळ:
आले. मामांना पत्त्यांत हरवणारी आमची आजी होती. नाही कसं म्हणायचं ते तिला कधी शिकावं लागलं नाही 😂

सातबारा:
१८८७ चा जुगारबंदी कायदा आपल्याकडे अजून चालू आहे. त्यात कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण धाड पडल्यावर पोलिसांना तुमचा कट शॉट दाखवत बसणार का? शिवाय मला एक कळत नाही, सबबी कशाला? मी पहिल्याच वेळी सांगतो, पैशाचं खेळत नाही. हसून सांगायचं, आणि पुढची फ्रेम लगेच लावायची. सासूबाईंची तब्येत वगैरे सांगितलंत तर उद्या परत विचारतात, सासूबाई बऱ्या झाल्या का, मग होऊन जाऊ दे.

मालवणी मसाला:
म्हणान मी बायको सांगी. ती बरी होणा नाय 😜

मागच्या दाराने:
धागा वाचला नाही पूर्ण. ती क्यू विकायची आहे का?

खाडीपलीकडचा:
वाकलेली क्यू कोण घेणार हो.

सुपारीची बाग:
माटवीला बांध, गणपतीच्या डोक्यावरच्या चौकटीला. कवंडळाची फळं लटकव. थर्माकोल तसाही बंदच आहे.

खाडीपलीकडचा:
माटवीचं वजन नाही पेलणार. मखराच्या मागच्या पडद्यात घालून बघितली आत्ता. मधे कमान येतेय, आणि बायकोला वाटतंय मी मुद्दाम केलंय.