हेलियम निष्क्रिय आहे, निरुपद्रवी नाही
संलयन अणुभट्टीच्या (हायड्रोजनचे अणू जोडून ऊर्जा आणि हेलियम तयार करणाऱ्या भट्टीच्या) आतल्या टंगस्टनच्या भिंतीबद्दल वर एकांनी विचारलंय, "निष्क्रिय वायू टंगस्टनचं काय बिघडवणार?" दादा, मेख तिथेच आहे. हेलियम धातूत विरघळत नाही. स्फटिकातल्या रिकाम्या जागांत अणू गोळा होतात, बुडबुडे फुगतात. ३४२२ अंशांना वितळणारा टंगस्टन साधारण ७०० ते १७०० अंशांत हेलियम प्लाझ्मासमोर (तापून विद्युतभारित झालेल्या हेलियमसमोर) राहिला की त्यावर वीस-पन्नास नॅनोमीटर जाडीच्या तंतूंची लव उगवते. चकचकीत पत्रा काजळीसारखा काळा! इथे नागपुरात मी धातुशास्त्र शिकवते; सूक्ष्मदर्शकातला तो फोटो, अगदी भिंतीवरच्या शेवाळासारखा, पडद्यावर आला की अख्खा वर्ग पुढे सरकून बघतो.

मला मात्र भट्टीच्या सांगाड्यातल्या स्टीलची जास्त काळजी वाटते. तिथे संलयनातून निघणारे १४ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे न्यूट्रॉन धातूच्या आतच हेलियम तयार करतात, तो धातूतल्या स्फटिककणांच्या सीमांवर साठतो आणि स्टील ठिसूळ होतं.